श नसलेली भाषा

आबा,

मला प्रवेश मिळाला. पालीच्या एम.ए.ला, तेही एका बौद्ध विद्यापीठात, जळगावहून रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर. वय वर्षे एकोणसाठ. हे ऐकून तुम्ही आधी हसला असता, मग चष्मा काढून पुसला असता, आणि मग नरडाणा स्टेशनात जो दिसेल त्याला सांगत सुटला असता. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. घर बांधलं, नातवंडं झाली, नोकरीतून निवृत्त झाले. पण तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. हे मात्र तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढ्याशा अक्षराचं काय घेऊन बसलात बाई, आणि त्याचंही काही चुकणार नाही.

आधी अर्जाची गंमत सांगते, कारण तुम्हाला कागदपत्रांची भारी हौस. रेल्वेचा साधा रजेचा अर्जसुद्धा तुम्ही दोनदा कच्चा लिहायचा. आता सगळं मोबाइलवर. फोटो अमुक इतका लहान करा, सही तमुक इतकी लहान करा, मोठी झाली तर यंत्र घेत नाही. माझी सही चार वेळा परत आली. मग पदवी आणि हा अर्ज यांच्यामध्ये अडतीस वर्षांचा खंड का पडला, याचं शपथपत्र मागितलं. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "काय कारण टाकू मावशी? बरेच जण आजारपण टाकतात." मी म्हटलं, "नोकरी आणि संसार टाक." तो म्हणाला, हे कारण कुणी टाकत नाही. मी म्हटलं, मग पहिल्यांदा टाक. शिवाय चारित्र्याचा दाखला हवा, आणि तोही शेवटच्या कॉलेजचाच. तिथले आताचे प्राचार्य मी पदवी घेतली तेव्हा बालवाडीतही नसतील. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझं चारित्र्य चांगलं असल्याचं लगेच लिहून दिलं.

हे सगळं कशासाठी, असं घरातले विचारत होते. मुलगा म्हणाला, आई, यूट्यूबवर सगळं आहे. असेल. पण निवृत्तीनंतर एका नामकरणाला गेले होते, तिथं ठरलेले गृहस्थ आले नाहीत आणि मला वंदना म्हणायला उभं केलं. सगळं घडाघडा आलं. तुमच्यामुळे ते हाडीमाशी आहे. खाली बसल्यावर शेजारची बाई म्हणाली, छान म्हणता हो, अर्थ काय त्याचा? मी दोन वाक्यं बोलले आणि अडकले. आयुष्यभर जे तोंडात होतं त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला येत नव्हता. तुम्हाला तरी येत होता का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारायच्या वयात मी तुम्हाला शिकवत होते.

तुम्ही चौथी शिकलेले पॉइंटमन. हिरवं निशाण, लाल निशाण, आणि दोन मालगाड्यांच्या मधल्या वेळात केबिनच्या पायरीवर बसून ती वंदनेची पुस्तिका. रेल्वेच्या जुन्या फॉर्मचं कव्हर घातलेली. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत तुम्ही वाचायचा, आणि पुढून गाडी आली की बोट त्याच पानात अडकवून उठायचा. आजूबाजूच्या गावांत लग्न असो, नामकरण असो, कुणाच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन असो, आबांना निरोप जायचा. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि तो खर्जातला आवाज. मला तो आवाज लहानपणी सगळ्या जगाला पुरेल एवढा मोठा वाटायचा. मग मला धुळ्याला आत्याकडे शिकायला ठेवलं आणि तो आवाज मला खेडवळ वाटायला लागला.

त्याचं झालं असं. धुळ्याच्या शाळेत मी संस्कृत घेतलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला उभं करून श्लोक म्हणायला लावला आणि मी शांतीची सांती केली. बाई म्हणाल्या, "जीभ काय गावी ठेवून आलीस?" सगळा वर्ग हसला. आपल्या बोलीत श नाही असं नाही. 'आहे'ला 'शे' म्हणताना तो दिवसातून शंभरदा तोंडात येतो. पण शाळेची आपण साया करतो, शहराचं सहर करतो आणि शरमेची सरम. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तुम्हाला वाटलं पोरगी आजारी आहे, कारण मी मागच्या अंगणात एकटी बसून श, श, श करत होते. सुट्टी संपेपर्यंत श बसला. मग ण बसला, ळ बसला. मॅट्रिकला संस्कृतात शाळेत पहिली आले, आणि त्यानंतर घरात कुणी काही बोललं की मला आधी त्यातली चूक ऐकू यायची, मग त्यातलं म्हणणं.

आणि मग पहूरचं लग्न. काकांच्या मोठ्या मुलीचं. मी तेव्हा जळगावला कॉलेजात, वय वीस, नवी चप्पल, नवी अक्कल. वरपक्ष जळगावचा, शिकलेला, त्यांच्यात दोन प्राध्यापक. मला ते सगळं आजही समोर दिसतं. मांडवात पांढऱ्या कापडावर दोन तसबिरी, मेणबत्त्या वाऱ्याने सारख्या विझतायत आणि काका त्या सारख्या लावतायत. तुम्ही माइकसमोर उभे राहता, घसा साफ करता आणि त्रिशरण सुरू करता. पहिल्याच ओळीत तुम्ही 'सरनं' म्हणता. सगळा मांडव तुमच्यामागून 'सरनं' म्हणतो. वरपक्षाकडच्या दोन मुली एकमेकींना कोपर मारतात आणि तोंडाला रुमाल लावतात. त्या कशाला हसत होत्या ते मला माहीत नाही, आबा. मेणबत्त्यांना हसत असतील. पण मला धुळ्याचा वर्ग आठवला, आणि मी उठून मोठ्याने म्हणाले, "आबा, सरनं नाही. शरणं."

तुम्ही थांबता. पुस्तिका डोळ्यांजवळ नेता, बोट ठेवता. माइक चालूच होता, त्यामुळे तुमचं सगळ्यांना ऐकू गेलं: "पुस्तकमा त स शे, पोरी."

"छापताना चुकलंय," मी म्हणाले. किती खात्रीने म्हणाले! "त्रिशरण म्हणतो ना आपण? मग शरणं. आणि लग्नात सरण काय म्हणता? सरण म्हणजे चितेची लाकडं."

नवरी माझ्याकडे पाहत होती. काकांच्या हातात काडेपेटी तशीच. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तेव्हा ओशाळलेपण समजले. आता वाटतं ते कौतुक होतं. तुम्ही माइकमध्ये म्हणालात, "मनी पोर शिकेल शे. ती सांगस ते खरं. बठ्ठा जन परत म्हना." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केलीत. श जडपणे आला, पण आला. सगळा मांडव तुमच्यामागून तसंच म्हणाला. विधी आटोपल्यावर तुम्ही खिशातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्याच पुस्तिकेतल्या त्या सगळ्या ठिकाणी स खोडून श केला. एका प्राध्यापकांनी मला विचारलं, कुठल्या वर्षाला आहेस? मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

घरी आल्यावर तुम्ही तो श खरोखर शिकायला घेतला. माय चुलीपाशी भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसलेले, आणि मी समोर बसून जीभ टाळूला कशी लावायची ते दाखवतेय. तुमचा कधी लागायचा, कधी निसटायचा. माय बराच वेळ ऐकत होती. मग पिठाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "दिवसभर शे शे करतस ना? तोच श लावा ना तठे." तुम्ही लावलात आणि पटकन जमलं. इतकी वर्षं संस्कृत शिकून मला जे सुचलं नाही ते मायला सुचलं. तुम्ही हसून तिला म्हणालात, आता तूच मास्तरीण हो. मीही हसले, पण मनातून मला ते फारसं आवडलं नव्हतं, हेही आता सांगून टाकते.

त्यानंतर सतरा वर्षं तुम्ही एकदाही सरनं म्हणाला नाहीत. किती लग्नं लावलीत, किती मुलांना रविवारी बसवून शिकवलंत. कुणी स म्हटलं की थांबवायचा, आणि दर वेळी सांगायचा की ही दुरुस्ती माझ्या लेकीची. जामनेरहून एक गृहस्थ मुद्दाम विचारायला आले, तर त्यांनाही तेच. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळा गाव जमला आणि सगळ्यांनी तुमच्यासाठी त्रिशरण म्हटलं. शंभर तोंडांतून एकच स्पष्ट, स्वच्छ श. मी रडत होते आणि त्या रडण्यातही मला कुठंतरी बरं वाटलं होतं, की हे माझं काम.

आता ऐका. मुलाखतीच्या तयारीसाठी मी पालीचं एक प्राथमिक पुस्तक मागवलं. पहिल्या पानावर वर्णमाला. क, ख, ग करत खाली आले. य, र, ल, व, आणि मग एकदम स. मी परत वर गेले, परत खाली आले. श नाही. ष पण नाही. आणि आबा, माझा पहिला विचार काय असेल? छापताना चुकलंय! एकोणसाठाव्या वर्षी, चष्मा लावून, हातात पेन घेऊन मी तो श मध्ये लिहायला निघाले होते. मग दुसरं पुस्तक आणलं. त्यातही नाही. पालीत श नाहीच. संस्कृतात जिथं जिथं श आणि ष येतात, तिथं पालीचं एका स वर भागतं. सरणं हेच बरोबर. तुमची पुस्तिका बरोबर होती आणि तुमची जीभ, ती साया म्हणणारी, सहर म्हणणारी जीभ, ती बरोबर होती. ण तेवढा तुमचा चुकत होता, तिथं न करून चालत नाही. म्हणजे अर्धे मार्क तुम्हाला. मला शून्य.

मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. फार वाईट वाटलं, दुसरा शब्द नाही. चूक झाली याचं तितकं नाही, वीस वर्षांच्या मुलीकडून चुका व्हायच्याच. तुम्ही छापील पुस्तक डोळ्यांसमोर असताना त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवलात, त्याचं वाईट वाटलं. आणि मी त्या विश्वासाला माझी हुशारी समजत राहिले.

मग ठरवलं, निदान गावात तरी दुरुस्त करू. रविवारची गाडी धरून नरडाण्याला गेले. स्टेशनापलीकडे आता सगळे कारखाने झालेत, तुमची केबिन कुलूप लावून पडलीय, पण विहार तिथंच आहे आणि त्याला नवा रंग दिलाय. तुमच्याबरोबर निशाण दाखवून गाड्या पास करणारे नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि वंदना तेच घेतात. मी पोचले तेव्हा दहाबारा मुली मांडी घालून बसल्या होत्या. त्यातली एक छोटी 'सरनं' म्हणाली. ठणठणीत, तुमच्यासारखं. नानांनी काठी आपटली. "सरनं नही व, शरणं म्हन. आबासनी शिकाडेल शे."

मुली गेल्यावर मी नानांजवळ बसले. म्हटलं, "नाना, मी पुस्तक पाहिलं. ते स असतं. शरणं नाही, सरणं."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "तुना बापना तोंडनी गोट शे ती," ते म्हणाले. "सारा जनम त्यासनी तसंच म्हनं. आते तू त्यासले चुकीचं ठराव्हशी का?"

तेव्हा मला एकच वाक्य म्हणायचं होतं: नाना, आबांचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. पण दुरुस्ती लेकीची आहे हे तुम्ही जिथं तिथं सांगायचा, ते लोक विसरून गेलेत, आबा. आता ती तुमची झाली आहे. स बरोबर आहे एवढंच सांगावं तर तुम्ही चुकलेले ठरता, आणि तुम्हाला सोडवायचं तर मला मांडवात केलेला तमाशा सांगावा लागतो. नानांच्या सुनेने चहा आणला. मी चहा प्यायले, रंग छान लागलाय म्हणाले, आणि दुपारच्या गाडीने परत आले. गाडीत मनाला समजावलं की आधी प्रवेश होऊ दे, शिकून येऊ, मग अधिकाराने सांगू. अशी समजूत काढायला मला कधीच वेळ लागत नाही.

मुलाखतीचं सांगायचं राहिलं. खरं तर तेच सांगायला बसले होते, आणि अर्जाच्या, शपथपत्राच्या गोष्टी सांगत राहिले. हे पत्र काही पोस्टात पडणार नाही, वहीतच राहील, तेव्हा तुमच्यापासून लपवून तरी काय करू. मुलाखत मोबाइलवरच झाली. पडद्यावर तिघं होते, एक भिक्खू, एक बाई आणि मधे एक प्राध्यापक. ते मूळचे विदर्भातले निघाले, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलले. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मग म्हणाले, तिसरण, म्हणजे आपलं त्रिशरण, म्हणून दाखवा. महिनाभर मी तो स घोटला होता, भाजी निवडताना, फिरायला जाताना. पण हात जोडले, डोळे मिटले, आणि जिभेवर चाळीस वर्षांची सवय आली. पहिल्या ओळीत श, दुसऱ्या ओळीत श. तिसरीला माझं मलाच ऐकू आलं, पण थांबता आलं नाही.

प्राध्यापक हसले. टोचणारं नाही, चांगलं हसले. म्हणाले, "ताई, पालीत श नाही हे तुम्ही वाचलं असेलच. मग हे कुणाकडून शिकलात?"

"वडिलांकडून," मी म्हणाले. इथपर्यंत खरं होतं.

"म्हणजे हा श त्यांचा का?"

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तीन माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मला प्रवेश हवा होता. मी म्हणाले, "हो."

"चालायचंच," ते म्हणाले. "जुन्या लोकांना बिचाऱ्यांना कोण शिकवणार होतं!" आणि मी मान हलवली, आबा.